विश्लेषण : रविवारच्या सुट्टीचे मागणीपत्र कसे तयार झाले? नारायण मेघाजी लोखंडे यांच्या कामातून आजच्या युनियनने काय घ्यावे?

वैजापूर : कंपनीत पगारवाढीचा करार झाला की बातमी ठरलेली असते. इतक्या हजारांची वाढ, इतक्या वर्षांचा करार, गेटवर गुलाल आणि पेढे. वैजापूर तालुक्यातील अनेक तरुण आयटीआय किंवा डिप्लोमा करून वाळूज औद्योगिक वसाहतीत कामाला लागतात. त्यामुळे अशा बातम्या इथे आवर्जून वाचल्या जातात आणि व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतात. करार होण्याआधीच्या काही महिन्यांत युनियनने काय केले, हे मात्र त्या बातमीत क्वचितच असते. मागण्या कोणी ठरवल्या? आकडे कुठून आणले? कोणती मागणी सोडायची आणि कोणती धरून ठेवायची, याचा निर्णय कसा झाला?

या तयारीची महाराष्ट्रातील पहिली ठळक नोंद १८८४ सालची आहे. ती करणारे गृहस्थ होते नारायण मेघाजी लोखंडे. भारतीय कामगार चळवळीचे जनक म्हणून त्यांचे नाव स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकात एका ओळीत येते. त्या ओळीमागे नेमके काय काम होते आणि आजच्या युनियनच्या तयारीशी त्याचा काय संबंध आहे, ते समजून घेऊ.

लोखंडे कोण होते?

नारायण मेघाजी लोखंडे यांचा जन्म ८ फेब्रुवारी १८४८ रोजी ठाण्यात झाला. कुटुंब मूळचे पुणे जिल्ह्यातील खेड तालुक्यातल्या कन्हेरसरचे, माळी समाजातील. घरची परिस्थिती बेताची होती. शिक्षण झाल्यावर त्यांनी आधी रेल्वेत आणि नंतर टपाल खात्यात नोकरी केली. त्यानंतर मुंबईत मांडवी येथील एका कापड गिरणीत ते भांडारपाल, म्हणजे आजच्या भाषेत स्टोअरकीपर, म्हणून लागले.

ही नोकरी पुढच्या सगळ्या कामाच्या दृष्टीने महत्त्वाची ठरली. लोखंडे यंत्रावर उभे राहणारे कामगार नव्हते आणि मालकाच्या बाजूचेही नव्हते. लिहिता-वाचता येणारा, इंग्रजी समजणारा आणि गिरणीच्या आत रोज वावरणारा माणूस त्या काळी दुर्मीळ होता. हजेरी कशी लागते, पगार कधी होतो, यंत्रात हात सापडला तर त्या माणसाचे पुढे काय होते, हे त्यांनी बाहेरून ऐकले नव्हते. ते रोज पाहत होते.

दुसरा मोठा प्रभाव महात्मा जोतीराव फुले यांचा. फुले यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यात सत्यशोधक समाजाची स्थापना केली. मुंबईत हे काम वाढवणाऱ्यांत लोखंडे आघाडीवर होते. ११ मे १८८८ रोजी मुंबईत मांडवी येथे झालेल्या सभेत फुले यांना महात्मा ही पदवी देण्यात आली. त्या सभेच्या आयोजनातही लोखंडे होते.

तेव्हाच्या गिरण्यांत काय परिस्थिती होती?

मुंबईत पहिली कापड गिरणी कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये उभारायला घेतली. पुढच्या तीस वर्षांत परळ, भायखळा, ताडदेव भागात गिरण्यांची रांग लागली. रत्नागिरी, सातारा, पुणे जिल्ह्यांतून हजारो माणसे मुंबईत आली.

गिरणीचे भोंगे घड्याळापेक्षा सूर्यावर चालत. उजाडले की काम सुरू, अंधार पडला की बंद. उन्हाळ्यात दिवस मोठा असल्याने काम तेरा-चौदा तासांपर्यंत जाई. दुपारी जेवणासाठी यंत्र थांबेलच याची खात्री नसे. आठवड्याची ठरलेली सुट्टी नव्हती. सणाला गिरणी बंद राहिली तरी यंत्रांच्या साफसफाईसाठी कामगारांना बोलावले जाई.

पगाराची पद्धत आणखी त्रासाची होती. एका महिन्याचे पैसे दुसऱ्या महिन्यात बऱ्याच उशिरा हातात पडत. तोवर घर चालवायचे तर वाण्याकडे उधारी किंवा सावकाराचे कर्ज. पगार अडकलेला असल्याने नोकरी सोडणेही अवघड. कामावर घेणे आणि काढणे जॉबरच्या, म्हणजे मुकादमाच्या, हातात असे. त्यामुळे तक्रार करायची तरी कोणाकडे, हा प्रश्न होताच.

आपल्याकडे तेव्हा काय होते? वैजापूर त्या काळी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. ब्रिटिश मुलखाचा कारखाना कायदा इथे लागू नव्हता. औरंगाबादेत कापड गिरणी उभी राहिली ती १८८९ मध्ये, आणि तालुक्यातून रोटेगावमार्गे जाणारी रेल्वे सुरू झाली १९०० मध्ये. मुंबईचे कामगार अर्ज लिहीत होते तेव्हा मराठवाड्यात कारखानदारीची नुकती चाहूल लागत होती.

कायदा होता, मग मागणीपत्राची गरज का पडली?

पहिला कारखाना कायदा १८८१ मध्ये आला. शंभर किंवा अधिक कामगार असलेल्या यांत्रिक कारखान्यांना तो लागू होता. त्यात सात वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास बंदी होती. सात ते बारा वयाच्या मुलांसाठी दिवसाला नऊ तासांची मर्यादा आणि महिन्यात चार सुट्ट्या होत्या. मोठ्या पुरुषांसाठी आणि स्त्रियांसाठी कामाच्या वेळेची काहीच तरतूद नव्हती.

हा कायदा येण्यामागे राजकारणही होते. मँचेस्टरच्या कापड गिरण्यांना मुंबईच्या स्वस्त मालाची स्पर्धा नको होती. भारतात कामाचे तास कमी झाले तर इथला माल महाग होईल, असा त्यांचा हिशेब होता. त्यामुळे 'केसरी' आणि 'मराठा'सह देशी वृत्तपत्रांचा मोठा भाग कारखाना कायद्याच्या विरोधात होता. इथला उद्योग मारण्याचा तो परकीय डाव आहे, असे त्यांना वाटे.

मुंबईत सोराबजी शापूरजी बंगाली यांच्यासारखे मोजके सुधारक कायद्याच्या बाजूने बोलत होते. पण सगळ्या चर्चेत एक बाजू गायब होती, ती म्हणजे कामगारांची. सरकार, मालक, मँचेस्टरचे व्यापारी आणि वृत्तपत्रे कामगारांबद्दल बोलत होती. कामगारांना काय हवे, हे त्यांच्याकडून कोणी लिहून घेतले नव्हते. लोखंडे यांनी नेमकी ही जागा भरली.

'दीनबंधु' वृत्तपत्राचा काय उपयोग झाला?

'दीनबंधु' हे साप्ताहिक कृष्णराव भालेकर यांनी १ जानेवारी १८७७ रोजी पुण्यात सुरू केले होते. पैशांअभावी ते चालवणे त्यांना जड जाऊ लागले. १८८० मध्ये लोखंडे यांनी ते मुंबईत आणले आणि त्याचे संपादकपद घेतले. गिरणीतली नोकरी त्यांनी सोडली.

आजच्या युनियनसाठी सूचना फलक, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आणि गेट मीटिंग जे काम करतात, ते काम 'दीनबंधु'ने केले. गिरण्यांतील अपघात, दंड, पगाराची दिरंगाई यांच्या बातम्या त्यात येत. एका गिरणीत काय घडले ते दुसऱ्या गिरणीतल्या कामगाराला कळू लागले. वाचता येणारा एक जण वाचून दाखवी, बाकीचे ऐकत. आपली अडचण आपल्या एकट्याची नाही, हे समजणे ही कोणत्याही सामूहिक मागणीची पहिली पायरी असते.

लोखंडे सावध संपादक होते, याचाही एक दाखला आहे. फुले यांच्या 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथाचे सुरुवातीचे भाग त्यांनी 'दीनबंधु'त छापले आणि मग छपाई थांबवली. सरकारवरील त्यातली टीका फार कडक होती. फुले यावर चांगलेच नाराज झाले आणि ती नाराजी त्यांनी लपवली नाही. तरी दोघांचे काम एकत्र चालू राहिले. लोखंडे यांचा हा सावधपणा काहींना भित्रेपणा वाटला. पुढे सरकारच्या आयोगासमोर आणि मालकांच्या संघटनेसमोर कामगारांचे म्हणणे मांडताना हाच सावधपणा त्यांच्या कामी आला.

सप्टेंबर १८८४ मध्ये नेमके काय घडले?

१८८४ मध्ये मुंबई सरकारने कारखान्यांच्या स्थितीची पाहणी करण्यासाठी आयोग नेमला. आयोग मालक आणि अधिकाऱ्यांच्या साक्षी घेणार हे उघड होते. लोखंडे यांनी वेळ ओळखली. २३ आणि २६ सप्टेंबर १८८४ रोजी त्यांनी मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या. तिथे मागण्यांचा मसुदा मांडला गेला आणि मंजूर झाला. या निवेदनावर सुमारे ५,५०० कामगारांच्या सह्या झाल्या आणि ते आयोगाला सादर करण्यात आले.

मागण्या पाच होत्या :

१. सर्व कामगारांना दर रविवारी पूर्ण सुट्टी मिळावी.

२. दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती मिळावी.

३. काम सकाळी साडेसहाला सुरू व्हावे आणि सूर्यास्ताला थांबावे.

४. मागील महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत मिळावा.

५. कामावर गंभीर दुखापत झाल्यास बरे होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा आणि कायमचे अपंगत्व आल्यास निर्वाहाची सोय व्हावी.

अमेरिकेत शिकागो येथे आठ तासांच्या मागणीसाठी झालेले आणि मे दिनाशी जोडले गेलेले आंदोलन १८८६ चे. मुंबईचे हे निवेदन त्याच्या दोन वर्षे आधीचे आहे.

मागण्या याच का निवडल्या असतील?

या यादीत पगारवाढ नाही, हे चटकन लक्षात येते. आज कोणत्याही मागणीपत्रात ती पहिल्या क्रमांकावर असते. मग १८८४ मध्ये का नव्हती? मागण्या एकत्र ठेवून पाहिल्या तर त्यामागचा हिशेब दिसतो.

पहिली गोष्ट, पाचही मागण्या सगळ्या कामगारांना समान लागू होत्या. साच्यावरचा विणकर, सूतकताई खात्यातला मुलगा, रीलिंग खात्यातली बाई यांचे पगार वेगवेगळे होते. पगारवाढीच्या मागणीत कोणाला किती, यावरून आधी आपापसात वाद झाले असते. रविवार सगळ्यांना सारखाच.

दुसरी, प्रत्येक मागणी मोजता येणारी होती. अर्धा तास, साडेसहा, १५ तारीख. वागणूक सुधारा, त्रास कमी करा अशी मोघम भाषा तिथे नाही. मागणी मोघम असेल तर समोरचा मोघम आश्वासन देऊन सुटतो. तारीख लिहिली की ती पाळली की नाही, हे कोणीही सांगू शकते.

तिसरी, काही मागण्यांचा मालकांवर फारसा खर्चही पडत नव्हता. पगार वेळेवर देण्यात जादा पैसा जात नाही, फक्त तारीख बदलते. पण कामगाराचे व्याज वाचते.

चौथी, रविवारची मागणी सहज समजण्यासारखी होती. सरकारी कचेऱ्या रविवारी बंदच असत. इथल्या माणसांसाठी रविवार हा खंडोबाचा वारही आहे आणि लोखंडे यांनी तोही मुद्दा मांडला होता असे सांगितले जाते. म्हणजे इंग्रज अधिकाऱ्याला आणि जेजुरीला जाणाऱ्या कामगाराला, दोघांनाही पटेल असा तो दिवस होता.

मालकांचे म्हणणे काय होते?

गिरणीमालकांची संघटना १८७५ मध्येच स्थापन झाली होती. वाटाघाटीत एक बाजू आधीपासून संघटित असते आणि दुसरी नंतर जागी होते, हे तेव्हाही खरे होते.

कामगार अधूनमधून स्वतःच रजा घेतात, गावी निघून जातात, मग ठरलेली सुट्टी कशाला, असा मालकांचा युक्तिवाद होता. इथले काम इंग्लंडइतक्या वेगाने चालत नाही, त्यामुळे तास जास्त असले तरी श्रम कमी पडतात, असेही ते म्हणत. मँचेस्टरच्या स्पर्धेची भीती तर होतीच.

कामगारांच्या बाजूलाही एक खरी अडचण होती. नगावर मजुरी मिळवणाऱ्याला सुट्टी म्हणजे त्या दिवसाची कमाई गेली. तरीही हजारोंनी रविवारच्या मागणीवर सह्या केल्या. थकव्याची किंमत त्यांनी मजुरीपेक्षा जास्त धरली होती.

१८८४ च्या निवेदनाने लगेच कायदा बदलला नाही. मालकांनीही सुट्टी दिली नाही. अर्ज गेला आणि फाइलमध्ये राहिला, असे म्हणायची वेळ होती.

मग रविवारची सुट्टी मिळाली कशी?

लोखंडे यांनी विषय सोडला नाही. पुन्हा अर्ज झाले, 'दीनबंधु'तून लिखाण चालू राहिले. दरम्यान बाहेरची परिस्थितीही बदलत होती. मार्च १८९० मध्ये बर्लिनला कामगारांच्या प्रश्नावर आंतरराष्ट्रीय परिषद झाली आणि साप्ताहिक सुट्टीची चर्चा युरोपभर सुरू झाली. भारत सरकारवर नव्या कायद्यासाठी दबाव वाढला.

२४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत महालक्ष्मीच्या रेसकोर्स मैदानावर सुमारे दहा हजार गिरणी कामगारांची सभा भरली. या सभेत दोन स्त्री कामगारांनीही भाषणे केली. आठवड्याच्या सुट्टीची मागणी करणारे निवेदन तिथे मंजूर झाले आणि या वेळी ते थेट गिरणीमालकांच्या संघटनेकडे पाठवले गेले. १० जून १८९० रोजी मालकांच्या संघटनेने रविवारची सुट्टी मान्य केली.

१८८४ आणि १८९० मधला फरक इथे लक्षात घेण्यासारखा आहे. आधीच्या वेळी पाच मागण्या होत्या आणि त्या सरकारी आयोगासमोर ठेवल्या होत्या. दुसऱ्या वेळी एक मागणी पुढे केली, ती देऊ शकणाऱ्या माणसांसमोर ठेवली आणि मागे दहा हजारांची सभा उभी केली. शिवाय सरकार कायदा करणारच, हे दिसत असताना मालकांना स्वतःहून मान्य करणे सोयीचे होते.

त्याच वर्षी भारत सरकारने नवा कारखाना आयोग नेमला. त्यात मुंबईसाठी सहायक सदस्य म्हणून लोखंडे यांना घेण्यात आले. सहा वर्षांपूर्वी आयोगाला अर्ज देणारा माणूस आता आयोगाच्या बाजूला बसून साक्षी ऐकत होता. १८९१ चा कारखाना कायदा या आयोगानंतर आला. पन्नास किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यांत सर्वांना आठवड्याची सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, स्त्रियांसाठी दिवसाला अकरा तासांची मर्यादा आणि नऊ वर्षांखालील मुलांना बंदी, या त्यातील मुख्य तरतुदी होत्या.

समाजमाध्यमांवर अनेकदा लोखंडे यांनी संपूर्ण देशाला रविवारची सुट्टी मिळवून दिली, असे एका ओळीत लिहिलेले असते. नेमके सांगायचे तर सुट्टी आधी मुंबईच्या गिरण्यांत मान्य झाली, आठवड्याची सुट्टी पुढच्या वर्षी कायद्याने ब्रिटिश मुलखातल्या कारखान्यांना लागू झाली. सरकारी कचेऱ्यांना रविवारची सुट्टी त्याआधीपासून होती. यामुळे त्यांचे काम लहान होत नाही. ज्यांना ती सुट्टी नव्हती, त्यांच्यापर्यंत त्यांनी ती नेली.

लोखंडे यांची संघटना युनियन होती का?

बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन या नावाने लोखंडे काम करत आणि ते तिचे अध्यक्ष होते. ती देशातील पहिली कामगार संघटना मानली जाते. तिची स्थापना १८८४ ची धरायची की १८९० ची, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत.

त्याहून मोठा आक्षेप वेगळाच आहे. या संघटनेकडे सभासदांची नोंदवही नव्हती, वर्गणी नव्हती, निधी नव्हता, लेखी घटना नव्हती. त्यामुळे काही इतिहासकार तिला युनियन मानत नाहीत. नोंदणी आणि नियमित वर्गणी असलेली पहिली आधुनिक युनियन म्हणून १९१८ च्या मद्रास लेबर युनियनचे नाव घेतले जाते. युनियनच्या नोंदणीचा कायदा तर १९२६ मध्ये आला.

हा आक्षेप बरोबर आहे आणि त्याचा परिणामही दिसतो. लोखंडे गेल्यावर संघटना टिकली नाही. एका माणसाच्या प्रामाणिकपणावर आणि कष्टावर उभे असलेले काम त्या माणसाबरोबर थांबते. पावती पुस्तक आणि सभासद यादी हे कंटाळवाणे काम वाटते, पण तेच पुढच्या पिढीपर्यंत पोचते. दुसरीकडे, ५,५०० सह्या गोळा करणे हेही एका अर्थाने सभासदत्वच होते. वर्गणीची पावती नसली तरी या अर्जामागे आम्ही आहोत, असे त्या सह्या सांगत होत्या. नोकरी जाण्याची भीती असताना केलेल्या सहीचे मोल कमी नसते.

बाकीच्या चार मागण्यांचे काय झाले?

पाच मागण्यांचा हिशेब लावला तर एक मागणीपत्र पूर्ण व्हायला किती वर्षे लागतात, ते कळते.

आठवड्याची सुट्टी आणि दुपारची विश्रांती : १८९०-९१.

कामाचे तास : पुरुषांसाठी मर्यादा १९११ मध्ये आली, तीही कापड गिरण्यांत दिवसाला बारा तासांची. १९२२ मध्ये ती अकरा तासांवर आणि १९३४ मध्ये दहावर आली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात कामगार खाते सांभाळत होते. त्यांनी पुढे नेलेल्या दुरुस्तीनंतर आठवड्याला ४८ तासांची मर्यादा आली आणि १९४८ च्या कारखाना कायद्यात ती पक्की झाली.

अपघाताची भरपाई : १९२३ चा कामगार नुकसानभरपाई कायदा.

वेळेवर पगार : १९३६ चा वेतन प्रदान कायदा. लोखंडे यांनी १५ तारीख मागितली होती. कायद्याने कारखान्याच्या आकारानुसार ७ किंवा १० तारीख दिली. मागितले त्याहून चांगले मिळाले, पण ५२ वर्षांनी.

लोखंडे यांनी आणखी काय केले?

कामगारांच्या प्रश्नाबाहेरही त्यांचे काम होते. १८९० मध्ये विधवांचे केशवपन करण्यास नकार देणाऱ्या नाभिकांच्या आंदोलनाला त्यांनी बळ दिले. ऑगस्ट १८९३ मध्ये मुंबईत हिंदू-मुस्लिम दंगल उसळली. तेव्हा राणीच्या बागेत त्यांनी दोन्ही समाजांतील कामगारांना एकत्र आणणारी सभा भरवली. दंगलीत कामगारांची एकी फुटली तर इतकी वर्षे केलेले काम वाया जाईल, हे त्यांना दिसत होते. १८९५ मध्ये सरकारने त्यांना रावबहादूर हा किताब दिला.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ आली. ज्यांना शक्य होते ते शहर सोडून गेले. लोखंडे चाळींतील रुग्णांच्या मदतीसाठी थांबले आणि त्यांनाच प्लेगची लागण झाली. ९ फेब्रुवारी १८९७ रोजी त्यांचा मृत्यू झाला. एकोणपन्नासावा वाढदिवस होऊन एकच दिवस झाला होता. पुढे 'दीनबंधु' वासुदेवराव बिर्जे आणि त्यांच्यानंतर त्यांच्या पत्नी तानूबाई बिर्जे यांनी चालवला. टपाल खात्यात एकेकाळी नोकरी केलेल्या लोखंडे यांच्यावर २००५ मध्ये टपाल तिकीट निघाले. मुंबईत परळ येथील महाराष्ट्र श्रम विज्ञान संस्थेला त्यांचे नाव आहे.

आजची युनियन करारापूर्वी काय तयारी करते?

साधने बदलली, पण पायऱ्या बऱ्याचशा त्याच आहेत.

पहिले काम तारखेचे. चालू करार कधी संपतो आणि नव्या कराराची नोटीस कधी द्यायची, हे आधी पाहिले जाते. जुना करार कलमागणिक वाचला जातो. कोणते कलम कंपनीने पाळले नाही, याची यादी होते.

दुसरे काम सभासदांचे. बोलण्याचा अधिकार आकड्यावर ठरतो. महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्यात मान्यताप्राप्त युनियनसाठी किमान ३० टक्के सभासदत्वाची अट होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत अनेक युनियन असतील तर एकट्याने बोलण्यासाठी ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा लागतो. तो कोणाकडेच नसेल तर २० टक्के किंवा अधिक पाठिंबा असलेल्या युनियनची मिळून वाटाघाटी परिषद होते. त्यामुळे पावत्या आणि यादी अद्ययावत ठेवणे ही आता औपचारिकता राहिलेली नाही.

तिसरे, मागण्या गोळा करणे. प्रेस शॉप, पेंट शॉप, असेंब्ली, मेंटेनन्स अशा प्रत्येक विभागातून प्रतिनिधी अडचणी लिहून आणतात. कॅन्टीन, बस, रात्रपाळीचा भत्ता, मेडिक्लेम असे बरेच काही त्यात असते. मग त्यातून सगळ्यांच्या आणि मोजता येतील अशा मागण्या वेगळ्या काढाव्या लागतात. १८८४ चे पाच मुद्दे इथे नमुना म्हणून डोळ्यासमोर ठेवायला हरकत नाही.

चौथे, आकडे. कंपनीचा ताळेबंद, उत्पादन किती वाढले, महागाई निर्देशांक किती वर गेला, शेजारच्या तशाच कंपनीत काय करार झाला. आकड्याशिवाय मागितलेली वाढ ही विनंती ठरते.

पाचवे, सर्वसाधारण सभेची मंजुरी आणि वाटाघाटीची समिती. टेबलावर कोण बोलणार, टिपणे कोण ठेवणार, कोणत्या मुद्द्यावर मागे येता येईल आणि कोणत्या नाही, हे आत जाण्यापूर्वी ठरलेले असावे लागते. करार दोन्ही बाजूंनी आपसात केला, की सरकारच्या समेट अधिकाऱ्यासमोर केला, यावरही बरेच अवलंबून असते. आपसातला करार सह्या करणाऱ्या पक्षांपुरता असतो. समेटाच्या कार्यवाहीत झालेला करार त्या कारखान्यातील सर्व कामगारांना, नंतर येणाऱ्यांनाही, लागू होतो. बोलणी फिसकटून संपाची वेळ आली तर संहितेनुसार १४ दिवस आधी नोटीस द्यावी लागते.

कंत्राटी कामगारांचे काय?

हा प्रश्न वैजापूरसारख्या तालुक्यासाठी सर्वात जवळचा आहे. इथून औद्योगिक वसाहतीत जाणाऱ्या तरुणांपैकी अनेक जण ठेकेदारामार्फत किंवा शिकाऊ म्हणून लागतात. लाइनवर ते कायम कामगाराच्या शेजारी उभे राहतात. पण कराराची वाढ सहसा कायम कामगारांपुरती असते, कारण कागदोपत्री कंत्राटी कामगाराचा मालक ठेकेदार असतो. गेटवर पेढे वाटले जातात तेव्हा त्यातले बरेच हात रिकामे राहतात.

१८८४ चे निवेदन लिहिणाऱ्या माणसासमोरही असाच प्रश्न होता. जॉबरच्या मर्जीवर कामाला लागलेले, कधीही काढून टाकता येणारे, नगावर मजुरी घेणारे लोक त्या गिरण्यांत होते. लोखंडे यांनी त्यांना वगळून मागण्या लिहिल्या नाहीत. पहिल्याच मागणीत सर्व कामगार असा उल्लेख आहे आणि सहा वर्षांनी त्याच मागणीसाठी दोन स्त्रिया व्यासपीठावरून बोलल्या.

करार करणाऱ्या युनियनने आपल्या यादीत कंत्राटी कामगारांसाठी निदान एक मुद्दा ठेवायचा की नाही, हे तिच्या सभासदांनी ठरवायचे आहे. वेळेवर पगार, अपघात झाल्यास उपचार, आठवड्याची हक्काची सुट्टी यांपैकी काहीही असू शकते. तिन्ही मागण्या १८८४ च्या कागदावर आहेत.